मते कुजविणे



या मांडवात विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही नववीतून शाळा सोडली ती कारखान्यात लागण्यासाठी. पुढे जे काही वाचले ते दुसऱ्या पाळीवरून सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या कपाटात जी पुस्तके होती तीच. बोलावयास शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, पेटीवर उभे राहून. तिथे ऐकणाऱ्याला बस गाठायची असते. म्हणून आम्हाला लांबण लावता येत नाही, आणि गोड बोलण्याचीही सवय नाही. ती उणीव आपण चालवून घ्यावी.

चालकांनी विषय दिला आहे तो निवडणूक प्रचारातल्या लबाड्यांचा. पैसा, दारू, साड्या, आदल्या रात्रीची पाकिटे, या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत; त्या पुन्हा सांगून आम्ही आपला वेळ घेणार नाही. शिवीगाळही सोडून देतो. शिवी ऐकणाऱ्याला निदान शिवी दिलेली कळते. आम्हाला बोलावयाचे आहे ते निराळ्या जातीच्या कपटाबद्दल. त्यात मतदाराचे मन वळविण्याच्या भानगडीत कोणी पडतच नाही. मन जिथे आहे तिथे राहू द्यावयाचे, आणि हात तेवढा चुकवावयाचा. माणूस घरून निघतो एकाला मत देण्यासाठी, परत येतो ते दिले या समाधानात, आणि मत मात्र भलतीकडे गेलेले असते, किंवा कोणालाच मिळालेले नसते.

आमच्या लहानपणी चाळीतली जुनी माणसे यासाठी एक शब्द वापरीत: मत कुजविणे. धान्य कुजते, भाजी कुजते, तसे मत कुजते. हा शब्द मुंबईत ज्या निवडणुकीशी जोडला गेला ती पहिलीच सार्वत्रिक निवडणूक होय. तिच्याविषयी बोलणे आम्हाला जड जाते, कारण आम्ही लाल बावट्याखाली वाढलो आणि आरोप आमच्याच बावट्यावर आहे. पण दुसऱ्यांच्या लबाड्या सांगावयाच्या असतील तर प्रारंभ घरापासून करावा हे बरे.

१९५२ साली मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा मतदारसंघ दोन जागांचा होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. आजच्यासारखी शिक्का मारण्याची किंवा बटण दाबण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकावयाचा. नियम असा की दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना दिली पाहिजेत. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक धरले जाई आणि दुसरे बाद होई.

राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. समाजवादी पक्षाशी त्यांचा समझोता होता आणि सर्वसाधारण जागेवर त्या पक्षाचे अशोक मेहता होते. कम्युनिस्टांचे कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे उभे होते. काँग्रेसचे दोन्ही उमेदवार, विठ्ठल गांधी व नारायण काजरोळकर, निवडून आले. बाबासाहेब काजरोळकरांपेक्षा १४,५६१ मतांनी मागे राहिले. आणि बाद झालेली मते किती? ७४,३३३.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणाच्याही मनात प्रश्न येतो. तो बाबासाहेबांच्या आणि मेहतांच्याही मनात आला. दोघांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. दोन्ही मते आमच्याच पेटीत टाका, दुसरे मत कुजले तरी चालेल, असा प्रचार कम्युनिस्टांनी केला आणि लोकांना फसविले, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. चाळीत ते मिटले नाही. आम्ही युनियनच्या कामाला लागलो तेव्हा त्या गोष्टीला चाळीस वर्षे होत आली होती, तरी एखाद्या वस्तीत सभासदत्वाची पावती फाडावयास गेलो की एखादे म्हातारे गृहस्थ चहा पाजून शांतपणे विचारीत, "तुम्ही बाबासाहेबांची मतं कुजवलीत ना?" आमच्या हातातले पावतीपुस्तक मग तसेच राहत असे.

त्या ७४,३३३ मतांपैकी किती शिकवून कुजविलेली होती आणि किती बाप-आजांनी कधी मतपेटी न पाहिलेल्या माणसांच्या गोंधळामुळे कुजली, हे कोणालाही सांगता येणार नाही. कुजलेल्या मतावर कारण लिहिलेले नसते. हीच या कपटाची मोठी सोय आहे.

याच गोष्टीचे दुसरे टोक दोन वर्षांनी भंडाऱ्यात दिसले. १९५४ साली तिथे पोटनिवडणूक झाली. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा बाबासाहेब राखीव जागेवर आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचविले, की आपल्या लोकांना दुसरे मत कोणालाच न देण्यास सांगू. म्हणजे आपले नुकसान होणार नाही. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले, असे तिकडचे लोक अजून सांगतात. निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले, राखीव जागा काँग्रेसच्या बोरकरांना मिळाली आणि बाबासाहेब पडले. मुंबईत ज्या शस्त्राने घाव बसला असे ते स्वतः मानीत होते, ते भंडाऱ्यात त्यांच्या हातात आले होते. त्यांनी ते उचलले नाही. आम्ही काय केले ते शेवटी सांगणार आहोत.

पुढे १९६१ साली दोन जागांचे मतदारसंघ गेले. पेट्याही गेल्या आणि सगळ्या उमेदवारांची नावे एका कागदावर आली. मत कुजविण्याची जुनी वाट बंद झाली. पण लबाडी ही पाण्यासारखी असते, तिला फट लागते तेवढीच. फट सापडली नावात आणि चिन्हात.

उमेदवाराचे जे नाव, तेच नाव असलेला दुसरा माणूस शोधावयाचा. आपल्याकडे आडनावे मोजकी आणि देवांची नावे त्याहून मोजकी, म्हणून तो सापडतो. तो बहुधा गरीब असतो. त्याच्या नावाने अर्ज भरावयाचा. अपक्षाला दहा सूचक लागतात, ते गोळा करावयाचे. अनामत भरावयाची, आणि ती जप्त होणार हे धरूनच भरावयाची. त्या माणसाने प्रचार करावयाचा नाही, सभा घ्यावयाची नाही, दिसावयाचेही नाही. तो जितका अदृश्य, तितका उपयोगी. लोकशाहीत उमेदवाराने लपून बसणे हाच प्रचार ठरावा, ही गंमत आमच्या फाटकावरच्या माणसांनासुद्धा सांगून पटत नाही.

२०१४ सालच्या लोकसभा निवडणुकीतली दोन उदाहरणे घेऊ. छत्तीसगडात महासमुंद येथे अजित जोगींच्या विरुद्ध भाजपचे चंदूलाल साहू उभे होते. मतदारांपुढे यादी आली तिच्यात चंदू या नावाचे एकूण अकरा साहू! काही चंदूलाल, काही चंदूराम. अकरा चंदूंतून आपला चंदू निवडावयाचा. खरे चंदूलाल साहू निवडून आले, पण १,२१७ मतांनी. आता आपल्या रायगडात पाहा. राष्ट्रवादीचे सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता. त्याला ९,८४९ मते पडली.

निवडणूक आयोगाला हे दिसत नव्हते असे नाही. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागले ते नामसाधर्म्याच्या घोटाळ्यावर उपाय म्हणूनच. उपाय चांगला. मग फट कुठे सापडली? चिन्हात. २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीत शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजविणारा माणूस' हे चिन्ह मिळाले. त्याच वेळी अपक्षांसाठीच्या मोकळ्या चिन्हांत एक वाद्य होते, लोक ज्याला पिपाणी म्हणतात ते. इंग्रजीत त्याचे नाव ट्रम्पेट; मराठी यादीत मात्र त्याच्यापुढे 'तुतारी' असे छापलेले. साताऱ्यात त्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. दिंडोरीत तर पिपाणीही होती आणि आडनावही तेच, भगरे. तिथे पिपाणीला लाखावर मते गेली. पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे तरीही निवडून आले हा भाग वेगळा. पुढे त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत चिन्हाचे मराठी नाव बदलून 'ट्रम्पेट' असे केले गेले. चिन्ह यादीत राहिलेच.

उदाहरणे दोन्हीकडची आहेत हे आपल्या ध्यानात आले असेलच. आम्ही कोणाची बाजू मांडावयास आलो नाही. यांपैकी कोणत्या उमेदवाराला कोणी उभे केले याचा पुरावा आमच्याजवळ नाही, आणि साताऱ्याची सगळी सदतीस हजार मते चुकूनच पडली असेही आम्ही म्हणणार नाही. पण प्रचार न केलेल्या माणसाला एवढी मते पडतात तेव्हा ती कोणी टाकली असतील याचा थोडा विचार करा. शहरातल्या फ्लॅटमधल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचा हात चुकत नाही. चुकतो तो म्हातारीचा, जिला नातवाने "तुतारीचं बटण दाब" म्हणून सांगितलेले असते. चुकतो तो नुकती अक्षरे जुळवू लागलेल्या माणसाचा. सारी युक्ती बेतलेली असते ती त्याच्यासाठी. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी सगळ्यांना मत दिले तेव्हा पुष्कळ शहाणे म्हणत होते की अडाण्यांच्या हाती मत देऊन काय होणार. चिन्हे आली ती त्या अडाण्याला वाट दिसावी म्हणून. आणि आज त्याच चिन्हावर त्याला ठेचकाळवितात.

कायदा काय करतो, असे कोणी विचारील. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचारांची यादी आहे. लाच आहे, धाकदपटशा आहे, धर्माच्या व जातीच्या नावाने आवाहन आहे. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे छापणे आहे. त्याने माघार घेतली अशी खोटी आवई उठविणे आहे. पत्रकावर छापणाराचे व प्रसिद्ध करणाराचे नाव हवे असेही कलम आहे. पण आपले खरे नाव घेऊन निवडणुकीस उभे राहणे हा गुन्हा कसा होईल? २०२४ च्या मे महिन्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्यात आला. आईबापांनी तेच नाव ठेवले म्हणून एखाद्याला उभे राहण्यास मज्जाव कसा करावयाचा, असे म्हणून न्यायालयाने त्यात पडण्यास नकार दिला. आम्हाला हा निकाल बरोबर वाटतो. कारण मज्जाव करण्याचा अधिकार दिला की तो कोणावर चालेल हे आम्ही अनुभवाने जाणतो.

१९९६ साली तमिळनाडूत मोडाकुरिची या एका विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले, आणि आंध्रात नलगोंडा येथे लोकसभेला ४८०. नलगोंड्याच्या लोकांचे दुखणे खरे होते. त्यांच्या पाण्यात फ्लोराईड होते, हाडे वाकत होती आणि कोणी ऐकत नव्हते. त्यांनी यादीच भरून टाकली. मग सरकारने काय केले? लोकसभेची अनामत पाचशे रुपये होती ती दहा हजार केली. पुढे ती पंचवीस हजार झाली. उगाच उभे राहणारांना आळा बसावा हा हेतू. आता सांगा, आळा कोणाला बसला? ज्याला तोतया उमेदवार उभा करावयाचा आहे त्याच्या खर्चात पंचवीस हजार म्हणजे मंडपाचे भाडे. आमच्या युनियनमधला कंत्राटी कामगार मनापासून उभा राहू म्हणेल तर त्याचे दोन महिन्यांचे पोट जाते. लबाडी धनवान करतो आणि तिच्यावरच्या औषधाची किंमत गरीब मोजतो.

इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे, आणि ती कामगार चळवळीच्या इतिहासातलीच आहे. १९२४ साली इंग्लंडात मजूर पक्षाचे पहिले सरकार होते. २९ ऑक्टोबरला मतदान. चार दिवस आधी, २५ तारखेला, 'डेली मेल'ने एक पत्र छापले. मॉस्कोहून झिनोव्हिएव्हने इंग्लंडच्या कम्युनिस्टांना बंडाची चिथावणी दिल्याचे ते पत्र. ते बनावट होते, असे आज बहुतेक सगळे इतिहासकार मानतात. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या. पुढे कित्येक वर्षे तिथले कामगार पुढारी म्हणत, आम्हाला त्या पत्राने पाडले. पण आकडे उघडून पाहिले तर त्या निवडणुकीत मजूर पक्षाची मते घटली नव्हती; दहा लाखांनी वाढली होती. कोसळला तो उदारमतवादी पक्ष, आणि त्याची मते हुजूर पक्षाकडे गेली. कपट खरे होते. पराभवाचे सारे कारण मात्र ते नव्हते. हरलेल्या माणसाला कपट हा फार मऊ बिछाना असतो. आम्हीही त्यावर झोपलो आहोत.

आता आमच्यावर येतो.

१९९९ च्या सुमाराची गोष्ट. ठाण्याकडच्या एका कारखान्यात कामगारांची पतपेढी होती. पतपेढी म्हणजे काय ते कामगाराच्या घरात विचारा. मुलीचे लग्न, गावचे छप्पर, बापाचे ऑपरेशन, सगळे तिच्यातून. तिच्या संचालक मंडळावर एक जुने फिटर होते, सातारा जिल्ह्यातले. माणूस सरळ, आणि सरळ माणसे असतात तितका हट्टी. युनियनच्या चिठ्ठीवर कर्ज देत नसत. नियमात बसले तर देत. आमच्या गटाला ते सलत होते. पतपेढी हाती आली की सभासद हाती राहतात, असा आमचा हिशेब. निवडणूक आली. सरळ लढलो असतो तर ते निवडून येणार हे आम्हाला ठाऊक होते.

पॅकिंग खात्यात त्यांच्याच नावाचा आणि आडनावाचा एक हेल्पर होता. त्याचे कर्ज अडलेले होते. ते मोकळे करू, असे त्याला सांगितले आणि त्याचा अर्ज भरला. मतपत्रिकेवर चिन्हे नव्हती, नुसती नावे, वर्णानुक्रमाने. आडनाव एक, नाव एक, तेव्हा क्रम लागला वडिलांच्या नावावरून, आणि आमच्या माणसाच्या वडिलांचे नाव आधी येत होते. हे आम्ही आधीच पाहून ठेवले होते. कोणाच्या डोक्यातून निघाले म्हणाल, तर आमच्याच.

फिटर एकतीस मतांनी पडले. त्या हेल्परला त्याच्या तिप्पट मते होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये काम करणाऱ्या एक मावशी फिटरांच्या टेबलाशी आल्या. आम्ही दोन टेबले सोडून बसलो होतो. त्या मावशी त्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला जाऊन अक्षरे शिकल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, या वेळी पहिल्यांदा कुणाला न विचारता शिक्का मारला. तुमचं नाव पोराकडून घोकून घेतलं होतं. वरच होतं, लगेच सापडलं." फिटरांनी त्यांना काही सांगितले नाही. "बरं झालं मावशी," एवढेच म्हणाले. आमच्याकडे त्यांनी एकदा पाहिले.

या गोष्टीची फेड पुढे झाली. तीन वर्षांनी वेतनकराराची वेळ आली तेव्हा फाटकावर एक नवी युनियन उभी राहिली. झेंडा तोच लाल, नाव आमचेच, मध्ये फक्त एक शब्द जास्त. तिच्यामागे व्यवस्थापन होते हे सगळे जाणून होते. १९७१ च्या कायद्याप्रमाणे मान्यतेला निदान तीस टक्के सभासद लागतात, आणि तेही सलग सहा महिने. त्यांच्या माणसांनी रात्रपाळी सुटताना फॉर्म वाटले, आणि आमचेच लोक आमचाच फॉर्म समजून सह्या करू लागले. आम्ही पेटीवर चढलो. घसा फोडून सांगितले, "फॉर्मवरचे नाव पूर्ण वाचा!" मागून एक आवाज आला, "कॉम्रेड, पतपेढीच्या वेळी नाव वाचायला कुणी सांगितलं नव्हतं." लोक हसले. शिव्या घातल्या असत्या तरी आम्ही बोलत राहिलो असतो. हसल्यावर बोलता येईना. प्रकरण औद्योगिक न्यायालयात गेले, तपासणी झाली, मान्यता राहिली. पण करार वर्षभराने लांबला, आणि त्या मधल्या काळात गुप्त मतदान घेऊ असे आम्ही म्हणालो की लोक मान हलवीत. पेटी आणा किंवा नका आणू, निघायचे तेच निघेल, असे त्यांच्या तोंडावर असे. तो विश्वास परत मिळविण्यास आम्हाला दहा वर्षे लागली, आणि पुरता मिळाला असे आजही म्हणवत नाही.

फिटर निवृत्त होऊन गावी गेले. जाताना त्यांना नारळ द्यावयास आम्ही गेलो होतो. नारळ घेतला, बोलले नाहीत. माफी मागावी असे मनात होते; भोवती माणसे होती, राहून गेले. पुढेही राहूनच गेले.

२०२४ च्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. नंबर त्यांनी कोणाकडून मिळविला ते आम्ही विचारले नाही. प्रकृती विचारली, मुलाबाळांचे विचारले. मग म्हणाले, "आमच्याकडं पिपाणीला सदतीस हजार पडली, बघितलं का?"

आम्ही म्हणालो, बघितलं.

"आमच्या हिनं पण तीच दाबली," ते म्हणाले. "घरी येऊन मला सांगती, वाजवायचं होतं तेच दाबलं."